समासातल्या सूचना

मी नाटकात नसते.
विंगेत पत्र्याच्या डब्यावर बसते,
मांडीवर वही, तोंडात बॅटरी.

सेलूचं जुनं जिनिंगचं गोदाम,
सरकीचा वास अजून भिंतीत,
आणि दर वर्षी, तिसऱ्या अंकात,
मंजुळा हरते.

शंभर वर्षांचं प्रहसन.
पहिल्या अंकात ती स्थळं नाकारते,
एक टकला, एक तोतरा, एक आईला विचारून शिंकणारा.
लोक हसतात.
दुसऱ्यात बाप तिला पैजेवर देऊन टाकतो.
लोक हसतात.
तिसऱ्यात ती हात जोडते,
"नाथ, बाईच्या जातीला हट्ट शोभत नाही,"
आणि टाळ्या.
टाळ्या हसण्यापेक्षा मोठ्या असतात,
विंगेतून हे नीट ऐकू येतं.

वही रंगनाथ सरांच्या वडिलांची.
पोस्टमास्तर होते. निजामाच्या काळात
मिशी उतरवून मंजुळा तेच करायचे.
समासात त्यांचं बारीक निळं अक्षर:
येथे पदर डाव्या हाताने.
येथे मान खाली, पण फार नाही.
येथे बांगड्या वाजू द्याव्यात.
येथे तीन पावले मागे.
बाई कशी असते
हे एका पुरुषानं पुढच्या पुरुषासाठी लिहून ठेवलेलं,
आणि आता सुलक्षणा कानडखेडकर,
सरकारी दवाखान्यातली नर्स,
रात्रपाळी बदलून घेऊन ते पाठ करते.
"मान किती खाली, ताई?"
मी वहीत बघून सांगते.

शेवटच्या पानावर मात्र,
हरण्याच्या ओळीशेजारी, निळ्यात नाही, पेन्सिलीनं:
येथे रोज घसा दाटतो. कारण कळत नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रात्री सुलक्षणा त्या ओळीवर थांबली.
विसरली नव्हती.
विसरलेल्या माणसाचे डोळे विंगेकडे येतात.
तिचे धनाजी टाकळकरच्या मिशीवर होते,
जी एका बाजूनं सुटायला लागली होती.
पलीकडच्या विंगेतून सर हात हलवायलेत,
सांगा, ओळ सांगा.
ओळ माझ्या ओठांवर होती.
बावीस वर्षं ओळीच सांगत आले,
इथं आणि घरी.
गोळी कोणती, चावी कुठं,
तुमच्या बहिणीच्या सासऱ्यांचं नाव काय.
बोट घसरलं की मी घसरू दिलं,
देव जाणे. वाचलं ते समासातलं:
"तीन पावले मागे."

तिनं ऐकलं.
आणि प्रहसनाच्या भाषेत नाही, घरातल्या भाषेत
धनाजीला म्हणाली,
"अहो, जरा तीन पावलं मागं व्हा की.
कवाधरनं अंगावर यायलाव!"

दोरीपलीकडं बायकांत आधी एकटीच कुणीतरी फिस्सकन हसली.
मग रांग. मग पोरं.
मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पुरुषही.
धनाजी गुणी नट. सरकला.
एक. दोन.
तिसऱ्या पावलाला पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन.
गौसभाईंनी घाबरून पडदा सोडला.

सर दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी जिंतूरहून निरोप:
आमच्याकडं प्रयोग लावा,
पण ते वृंदावनाचं पायजेच.
"वहीत नाही ते," सर म्हणाले,
माझ्याकडं न बघता.

मी वही घरी आणली.
पोस्टमास्तरांच्या पेन्सिलीखाली
बोटभर जागा होती. लिहिलं,
येथे तो मागे.
मग बराच वेळ पेन्सिल तशीच हातात.
आतून यांनी विचारलं, चष्मा कुठंय.
त्यानंतर मंजुळा काय म्हणते
ते अजून कुणालाच माहीत नाही.
पडदा फार लवकर पडला होता.